वैनीबाईंच्या नावानं

आमच्या आत्याबाईंचा देवावर विश्वास होता, पण तो देव नजरेसमोर असेपर्यंतच. कुठं बाहेर जायचं झालं की चांदीचा बाळकृष्ण देव्हाऱ्यातून निघून लोखंडी कपाटात जायचा आणि किल्ली त्यांच्या कमरेला. लग्न होऊन आल्यावर मी एकदा भाबडेपणानं विचारलं, "देवाला कोण नेणार आहे?" "देवाला कुणी नेत नाही गं, चांदीला नेतात," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जसं काही पुण्याहून मला त्याच कामगिरीवर पाठवलं होतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, पद्मावतीबाई. सासूला आई म्हणायची आमची पुणेरी रीत त्यांना अजिबात पसंत नव्हती. आई आई करून गोड बोलणारीवर जास्त लक्ष ठेवावं लागतं, असं त्यांचं मत होतं. घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतीवालं, निजामाच्या राजवटीतच हैदराबादला नोकरीसाठी आलेलं. विद्यानगरात स्वतःचं घर होतं आणि मागच्या अंगाला एक सुटी खोली होती. युनिव्हर्सिटी जवळ, म्हणून ती खोली कायम कुणा ना कुणा विद्यार्थ्याला दिलेली असायची. सासरे नामदेवराव मी यायच्या आधीच गेले होते. मी आले ती त्र्याण्णव साली, तेव्हा घरात आत्याबाई आणि माझा नवरा विक्रम असे दोघंच होते.

त्यांचा संशय कुणा एकावर नसायचा, त्या बाबतीत त्या अगदी समदर्शी होत्या. दूधवाला, मीटर बघायला येणारा, नव्यानं सुरू झालेल्या एसटीडी बूथवरची बाई, सगळे त्यांच्या दृष्टीनं एका माळेचे मणी होते. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जायची, तर "पोरांना थंडगार खोलीत बसवून शिकवायलेत म्हणजे काहीतरी लपवायलेत," असं त्या शेजारणीला सांगायच्या. मी हसून सोडून द्यायची. पण पिठाच्या डब्याचं मला लागलं. स्वयंपाक झाला की त्या डब्यातलं पीठ सारखं करायच्या, वर आपला उजवा पंजा उमटवायच्या आणि मगच झाकण लावायच्या. पुढच्या खेपेला आधी पंजा बघायचा, मग पीठ काढायचं. पहिल्यांदा झाकण उघडून तो पंजा बघितला तेव्हा मी दचकले आणि नंतर संतापले. विक्रमला विचारलं तर तो म्हणाला, "अरे, वो तो बचपन से है. सत्यवती काकूच्या टायमापासून."

सत्यवती काकू ही आत्याबाईंची धाकटी जाऊ, दत्तोबा काकांची बायको. एकेकाळी ते दोघं याच घरात राहत होते. एकोणसत्तर सालच्या चैत्रात, भर हळदीकुंकवात, गल्लीतल्या बायका आंब्याची डाळ खात बसलेल्या असताना आत्याबाईंनी सगळ्यांसमोर तिला विचारलं होतं, "डब्यातलं पीठ कुठं जायलंय? माहेर पोसायलीस का?" काकूचं माहेर मलकपेठेत होतं, हातावर पोट असलेलं, आणि तिचा भाऊ अधूनमधून बहिणीला भेटायला यायचा. काकू एक शब्द बोलली नाही. बोलली नाही म्हणजे कबूल केलं, असं सगळ्या बायकांनी धरलं. महिन्याभरात दत्तोबा काकांनी कुकटपल्लीकडं एका कारखान्यात काम धरलं आणि बिऱ्हाड हलवलं. तेव्हापासून दोन्ही घरची माणसं लग्नाकार्यात भेटत, पण जेवायला वेगवेगळ्या पंगतीत बसत. ही हकीगत मला सासरच्या प्रत्येकानं सांगितली होती, आणि प्रत्येकाच्या तोंडी काकू चोरच होती.

मग आमच्याकडं केबल आली. त्या एकदोन वर्षांत हैदराबादेत चॅनेलांचं नुसतं पीक आलं होतं. पूर्वी सणाला दूरदर्शनवर एक कार्यक्रम व्हायचा, आता प्रत्येक चॅनेलचा पाडव्याला उगादी विशेष, गणपतीला विनायक चविती विशेष, दसरा विशेष. आणि सगळ्यांवर पाहुणा एकच असायचा, मधुकिरण. तेलुगू सिनेमातला हा हिरो तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेला, पण पोरीटोरींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचा लाडका. एका चॅनेलवर तो पट्टुपंचा, म्हणजे रेशमी धोतर, नेसून उगादीची चटणी चाखत असायचा, आणि बटण दाबलं की दुसऱ्यावर झब्बा घालून लहान मुलींबरोबर फेर धरलेला.

आत्याबाई त्याचा एकही कार्यक्रम सोडत नसत. प्रेमानं नव्हे. "हा इथं बी आहे आणि तिथं बी. मिशी बघ, इथं जाड आणि तिथं बारीक. सणाला घरी बसत नाही म्हणजे बायकोशी पटत नसणार," असं त्यांचं चाललेलं असायचं. हे कार्यक्रम आधीच करून ठेवलेले असतात, असं मी सांगितलं तेव्हा त्यांना आपला सगळ्या जगाविषयीचा अंदाज बरोबर आल्यासारखं वाटलं. शिवाय एक खास कारण होतं. हा मधुकिरण म्हणजे पूर्वीचा किष्टय्या, नलगोंड्याकडचा पोरगा. तो शिकत असताना आमच्या मागच्या खोलीत राहायचा.

"एकदा मला बघून त्यानं हात जोडले होते," आत्याबाई सांगायच्या. "मी तोंड फिरवून आत गेले. हात जोडायलाय म्हणजे काहीतरी मागणार."

शहाण्णवच्या दसऱ्याला आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो होतो. निवेदिकेनं मधुकिरणला विचारलं, की आयुष्यात उपकार विसरता येणार नाहीत असं कोण? तो सांगू लागला. एकोणसत्तरचं, वेगळ्या तेलंगणाचं आंदोलन पेटलं होतं, युनिव्हर्सिटी बंद, मेसा बंद, गावाकडून काही येत नव्हतं. विद्यानगरात एका मराठी घराच्या मागच्या खोलीत तो उपाशी पडून असायचा. एका संध्याकाळी खिडकीतून एक हात आत आला. हातात ज्वारीची भाकरी आणि वर अंबाडीची भाजी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानं विचारलं, कुणी दिलं? बाहेरची बाई म्हणाली, "आमच्या वैनीबाईंनी दिलंय. पद्मावती वैनींनी."

"मी एकदा त्या अम्मांना हात जोडले," मधुकिरण म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "तर त्या तोंड फिरवून निघून गेल्या. देणाऱ्याला आभार नको असतात. पद्मावतम्मा माझी अन्नपूर्णा."

विक्रमनं उडीच मारली. कार्यक्रम संपायच्या आत गल्लीतल्या चार बायका आत शिरल्या. कुणी पाया पडलं, कुणी म्हणालं, अम्मा, इतकी वर्षं एक शब्द बोलला नाहीत! आत्याबाई खुर्चीत तशाच बसून राहिल्या, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिठावर पंजा उमटवणारी बाई अन्नपूर्णा? मला वाटलं, गप्प राहून आयता मान पदरात पाडून घेताहेत. मी इतकी वर्षं त्यांच्या संशयात राहिले होते, आता त्या माझ्या संशयात आल्या.

दोन दिवस त्यांची गाडी त्या किष्टय्यावरच घसरत राहिली. खोटं बोलायलाय. निवडणुकीला उभा राहणार असेल. मराठी मतं पाहिजे असतील. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत होते तर त्या समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मेधा, ते मी नाही दिलं गं."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. जरा लागेल असंच म्हणाले.

"सत्यवतीनं दिलं."

"मग तिनं तुमचं नाव का सांगितलं?"

त्यांनी सांगितलं ते ऐकून माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. या घरात धाकट्या सुनेनं स्वतःच्या नावानं घराबाहेर काही द्यायचं नाही, अशी रीत होती. धोब्याला ताक दिलं तरी "वैनीबाईंनी दिलंय" म्हणायचं, भिकाऱ्याला मूठभर तांदूळ घातले तरी तेच. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला ही रीत आत्याबाईंनीच काकूला शिकवली होती. आणि त्या बाईनं, जी गोष्ट थोरल्या जावेपासून लपवून करायची, ती करतानासुद्धा रीत मोडली नव्हती.

"चोरून दिलं, पण माझ्या नावानं दिलं," आत्याबाई म्हणाल्या. "आणि त्याच पिठाचा जाब मी तिला चारचौघींत विचारला. ती बोलली असती तर मी त्या पोराला त्याच दिवशी खोलीबाहेर काढलं असतं. हे तिला माहीत होतं. म्हणून बोलली नाही." मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाविषयी काही चांगलं बोलताना ऐकत होते. माझा राग कुठं गेला कळलं नाही.

मी म्हणाले, "कुकटपल्लीला जाऊन भेटून या की. मी येते बरोबर."

"नक्को. घरात बसून दोघींत काय सांगायचं? चोर म्हटलं ते चार लोकांत म्हटलं. परत घ्यायचं ते बी चार लोकांतच घ्यावं लागंल."

ते चार लोक कुठं मिळणार, हा प्रश्न होता. हळदीकुंकवाच्या त्या बायकांतल्या निम्म्या वारल्या होत्या, बाकीच्या मुलांकडं गेल्या होत्या. आणि महिनाभरानं घरी चॅनेलची माणसं आली. स्वप्ना नावाची एक तरतरीत मुलगी होती, बरोबर कॅमेरावाला. संक्रांतीच्या विशेष कार्यक्रमात मधुकिरणगारू पाहुणे आहेत, त्यांना न सांगता पद्मावतम्मांना एकदम स्टेजवर आणायचं, असा त्यांचा बेत होता. मला वाटलं, आत्याबाई या मुलीला फाटकातूनच परत लावतील. त्यांनी तिला चपला बाहेर काढायला लावल्या, कॅमेरा पिशवीतून काढू दिला नाही, आणि तुमच्या साहेबांचं नाव काय, ते कुठं राहतात, सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "तुमचं चॅनेल कुकटपल्लीत दिसतं का?"

"सगळीकडं दिसतं अम्मा."

"मग येते."

विक्रमला कारण ठाऊक नव्हतं. तो आईच्या मोठेपणाच्या आनंदात होता आणि ऑफिसात सगळ्यांना सांगून आला होता. मी त्याला काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मलाही आत्याबाईंचा पुरता भरवसा नव्हता. घरात बोलणं वेगळं आणि दिव्यांच्या झगमगाटात, एवढा मोठा हिरो पायाशी वाकलेला असताना बोलणं वेगळं.

संक्रांत जानेवारीत, पण चित्रीकरण डिसेंबरच्या सुरुवातीला होतं. स्टुडिओत थर्माकोलचा नंदीबैल, प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा आणि जमिनीवर रंगानं काढून ठेवलेली रांगोळी होती. आत्याबाईंनी उसाच्या कांडक्याला बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मात्र खरं आहे." प्रेक्षकांत मी पुढच्याच रांगेत बसले होते. आमच्यासमोर एक लांबरुंद माणूस हातात रुमाल घेऊन उभा होता. रुमाल वर गेला की टाळ्या वाजवायच्या, खाली आला की थांबायचं. ही तालीम आमच्याकडून आधीच करून घेतली होती.

मधुकिरण आला, हसला, गाणं म्हणाला, मग ती भाकरीची गोष्ट त्यानं पुन्हा सांगितली. दसऱ्याला नुसती भाजी होती, या वेळी वर लोण्याचा गोळाही आला. निवेदिका म्हणाली, आज आपल्याकडं कोण आलंय बघा! पडदा सरकला आणि नऊवारीतल्या आत्याबाई हळूहळू पुढं आल्या. मधुकिरणनं अक्षरशः लोटांगण घातलं. रुमाल वर गेला.

टाळ्या थांबल्यावर निवेदिकेनं त्यांच्यापुढं माइक धरला. आपल्या मोडक्यातोडक्या तेलुगूत, अधूनमधून मराठी घालून, त्या म्हणाल्या, "नेनु कादु, बाबू. मी नाही. माझ्या धाकट्या जावेनं दिलं, सत्यवतीनं. तिनं तुला माझं नाव सांगितलं. मी तर तिला चोर म्हटलं. ती चोर नाही. हे सगळ्यांनी ऐका."

मी अंग सावरून बसले. शाब्बास आत्याबाई, असं मला ओरडावंसं वाटलं. मधुकिरण क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिला. मग तो प्रेक्षकांकडं वळला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "बघितलंत? आजही स्वतःच्या नावावर पुण्य घ्यायला तयार नाहीत! जावेला देऊन टाकलं! ही खरी अम्मा!"

रुमाल वर गेला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आत्याबाई माइककडं हात करून "नाही, नाही" म्हणत होत्या, आणि त्यांच्या प्रत्येक नाहीला टाळ्या वाढत होत्या. निवेदिका रडत होती. माझ्या शेजारची बाई माझा दंड दाबून म्हणाली, "काय नशीबवान सून आहात हो!"

कार्यक्रम संपल्यावर मी मधुकिरणला बाहेरच्या बोळात गाठलं आणि हिंदीत, स्पष्ट शब्दांत सांगितलं, की त्या म्हणाल्या ते खरं आहे, त्या नम्रपणानं बोलल्या नाहीत. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग मला नमस्कार केला, म्हणाला, "अम्मा को संभालना," आणि दुसऱ्या चॅनेलच्या कार्यक्रमाला निघून गेला. मला आजही वाटतं, त्याला कळलं होतं. पण पाच-सहा चॅनेलांवर सांगून झालेली गोष्ट आता कोण बदलणार होतं?

परतताना आत्याबाई गाडीत म्हणाल्या, "लोकांनी ऐकलं नाही. पण ती ऐकंल ना?" घरी आल्यावर मात्र त्यांना नवीन भुंगा लागला. ती टीव्हीवर हे बघणार, आणि तिला वाटणार, वैनीबाई तिथं जाऊन नाटक करून आल्या. माझं नाव घेऊन स्वतः मोठ्या झाल्या. "मी तिच्या जागी असते तर मला असंच वाटलं असतं," त्या म्हणाल्या. शेवटी संक्रांतीच्या दिवशी सकाळीच त्यांनी मला उठवलं. कार्यक्रम लागायच्या आत कुकटपल्लीला पोचायचं होतं.

सत्यवती काकूचं घर हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत पहिल्या मजल्यावर होतं. दत्तोबा काका वारले होते, मुलगा आणि सून सणाला सुनेच्या माहेरी गेलेले. काकूनं दार अर्धंच उघडलं. पंचावन्न-साठीची, सावळी, नीटनेटकी बाई. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग आत्याबाईंकडं, आणि दाराची कडी तशीच हातात धरून म्हणाली, "कोण वारलं?"

"कुणी नाही," आत्याबाई म्हणाल्या. "टीव्ही बघायला आले."

काकूनं आत घेतलं, पाणी दिलं, पण समोर बसली नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. कार्यक्रम लागला. लोटांगण झालं, टाळ्या झाल्या. आणि मग आत्याबाईंचा आवाज आला, "नेनु कादु, बाबू." चॅनेलवाल्यांनी काहीच कापलं नव्हतं. चोर हा शब्दसुद्धा ठेवला होता, आणि त्याच्या मागं बासरी लावली होती. त्यानंतर मधुकिरणचे पसरलेले हात आणि उभं राहिलेलं प्रेक्षागृह दिसलं.

काकू पुढं येऊन टीव्ही बंद करून परत जागेवर गेली.

"खरं बोलले होते मी," आत्याबाई म्हणाल्या. "ते लोक टाळ्या वाजवायले, त्याला मी काय करू? तुला नाटक वाटलं असंल."

"नाही वाटलं."

"मग तेव्हा तू बोलली का नाहीस? हळदीकुंकवात? एक शब्द बोलायचा होतास."

काकू येऊन आत्याबाईंच्या समोर जमिनीवर बसली.

"वैनीबाई, मी मागितलं असतं तर त्या पोरासाठी भाकरी दिली असतीत?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "नसती दिली."

"आणि माझ्या भावाला पीठ?"

"नसतं दिलं."

"मग झालं तर. पोराला जायची एक भाकरी. एका भाकरीनं डब्यातलं पीठ किती कमी होतं? बाकीचं माहेरीच जात होतं. माझा भाऊ यायचा ना, त्याच्याबरोबर पाठवायची मी. तुमचा संशय खरा होता, म्हणून मी बोलले नाही. आता उगा जिवाला लावून घेऊ नका."

मी थक्क झाले. म्हणजे सगळं घर म्हणत होतं ते खरंच होतं! मला काकूचा राग आला नाही, पण मनातून जरा उतरल्यासारखं झालं, हे कबूल करते. आणि आत्याबाई? जन्मभर त्यांनी ज्याच्या त्याच्यावर संशय घेतला, आणि आज समोरचा माणूस स्वतःच्या तोंडानं म्हणत होता की तुमचं बरोबर होतं. त्यांचा चेहरा उजळेल म्हणून मी बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली. काकूनं जेवूनच जायला सांगितलं. डाळीची खिचडी, कढी आणि पापड होता. दोघी एका पंगतीत बसल्या. निघताना काकू जिन्यापर्यंत आली आणि आत्याबाईंचा हात धरून तिनं त्यांना एक एक पायरी उतरवलं.

परतताना रिक्षा बालानगरला आली. आत्याबाईंच्या मनावरचं ओझं उतरलं असेल असं वाटून मी म्हणाले, "चला, तुमचा अंदाज चुकला नव्हता म्हणायचा."

"तिचा भाऊ यायचा ना," आत्याबाई म्हणाल्या, "त्याला मी जाताना फाटकात थांबवायची. दर खेपेला. त्याची पिशवी उघडून बघायची. शर्टाचे खिसे बी चाचपायची."

"मग?"

"कधी काही निघालं नाही."

रिक्षाच्या आवाजात आपण नीट ऐकलं की नाही, असं मला क्षणभर वाटलं. "म्हणजे तेव्हाच तुम्हाला माहीत होतं, की पीठ माहेरी जात नाही?"

"हौ. माहीत होतं. तरी म्हटलं तिला." आणि मग त्या रडायला लागल्या. तोंडाला पदर न लावता, लहान मूल रडतं तशा मोठ्यानं, की रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. मी त्यांना जवळ घेतलं. आजवर त्यांनी कधी अंगाला हात लावू दिला नव्हता.

मी म्हणाले, "रिक्षा वळवायला सांगू का? तिला सांगा, की ती खोटं बोलली हे तुम्हाला कळलंय."

"नक्को," त्या म्हणाल्या. "ते खोटं बी तिनं दिलंय. ते परत करायला तोंड आहे का मला?"

मी रिक्षावाल्याला सरळ विद्यानगरलाच घ्यायला सांगितलं.